आडनाव पाटील, अक्षर 'ल' : मुलीचं नाव काय ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा. पारोळा तालुक्यातलं जोडपं, आडनाव पाटील, पहिलीच मुलगी, अजून महिन्याचीही झालेली नाही. बाळंतपण आईच्या माहेरी, धुळ्याला झालं. भटजींनी भरणी नक्षत्र सांगून 'ली, लू, ले, लो' ही अक्षरं दिली. आत्यानं 'लीना' ठरवूनच टाकलंय, आईला 'लियारा' आवडलंय, बाबांच्या मनात 'आरोही' आहे आणि आजीला 'लियारा' काही केल्या म्हणता येत नाही. पाटील आडनावाला नेमकं काय शोभेल, असं तुम्ही विचारलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. जनरल रजिस्टरात नावं लिहिणं, रोज हजेरी घेणं, दहावीनंतर दाखल्यातली चूक घेऊन रडकुंडीला आलेल्या पालकांना अर्ज लिहून देणं, हेच माझं काम. हजारो नावं मोठ्यानं वाचली की कान आपोआप तयार होतो. नंतर नंतर लोक बारशाआधीच विचारायला यायला लागले, तेव्हापासून मी त्यांना जे सांगते तेच तुम्हाला सांगते.

नाव आडनावाला शोभणं म्हणजे दोन्ही मिळून कानाला गोड लागणं, एवढंच नाही. माझ्या मते जे काम आडनाव करत नाही ते नावानं करायचं. आडनाव दुर्मीळ असेल तर माणूस आडनावानंच ओळखला जातो, नाव साधं असलं तरी भागतं. आडनाव गावात घरोघरी असेल तर वेगळेपणाचा सगळा भार नावावर येतो. तुमचं आडनाव या दुसऱ्या प्रकारातलं, आणि खान्देशात तर त्याचा कळसच.

पाटील ही मुळात गावकीची पदवी. त्यामुळे आपल्याकडे लेवा पाटीदार पाटील आहेत, मराठा पाटील आहेत, गुजर पाटील आहेत, राजपूत पाटीलही आहेत. पारोळा, अमळनेर, एरंडोल या पट्ट्यात वर्गात निम्मी मुलं पाटील निघणं नवीन नाही. अशा वर्गात 'पाटील' म्हणून हाक मारली तर कोण उठणार? म्हणून आम्ही शिक्षक मुलांना नाव आणि बापाचं नाव जोडून हाक मारायचो, 'राहुल सुभाष', 'राहुल दगडू'. मोठेपणीही तेच चालतं. बँकेत, सोसायटीत, बाजार समितीत पाटलांना कोणी पाटील म्हणत नाही. अनिल आप्पा, सुरेश नाना, भैया असंच म्हणतात. तेच आडनाव अत्तरदे किंवा पाचपांडे असेल तर ऑफिसात शेवटपर्यंत 'अत्तरदे साहेब' चालतं, नाव कित्येकांना माहीतही नसतं. चौधरी, महाजन, सोनवणे, पवार, माळी, कोळी ही सगळी पाटलांच्याच रांगेतली. नंदुरबारकडे वळवी, वसावे, पाडवी, गावित यांचंही तसंच.

म्हणून 'आरोही' बद्दल आधीच सांगते. नाव छान आहे, अर्थही छान आहे, पण गेल्या काही वर्षांत पहिलीच्या वर्गात आरोही, स्वरा, अनन्या आणि मुलांत आरव, रुद्र, शिवांश यांची भाऊगर्दी झालीय. एखाद्या बऱ्हाटे किंवा नारखेडे आडनावाच्या मुलीला आरोही चालून जाईल, कारण आरोही बऱ्हाटे तालुक्यात एखादीच असणार. आरोही पाटील मात्र एकाच इमारतीत दोन सापडतील. निकालाच्या यादीत, मतदार यादीत, शिष्यवृत्तीच्या खात्यात एकाच नावाची दोन माणसं आली की काय गोंधळ होतो ते मी पाहिलंय. एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात जाऊन ते परत मिळवण्यात आख्खं वर्ष गेलेलं मला माहीत आहे.

याचा अर्थ कोणी कधी ऐकलं नसेल असं नाव शोधून काढा, असा नाही. 'लियारा'ची अडचण तीच आहे. ओळखीचं पण सध्या फार न ठेवलं जाणारं, असं नाव पाटलांना चांगलं. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं. 'स्मिता' काही विचित्र नाव नव्हतं, आणि तरी नाव-आडनाव एकत्र उच्चारलं की एकच चेहरा समोर येतो. प्रतिभा पाटील हेही तसंच. तिथे आणखी एक गंमत आहे, नाव आणि आडनाव दोन्ही 'प' नं सुरू होतात आणि कानाला ते बरं वाटतं. पहिलं अक्षर जुळलं तर ठेका येतो. बिघडतं ते नाव जिथे संपतं आणि आडनाव जिथे सुरू होतं त्या सांध्यावर.

या सांध्याकडे जरा नीट बघा, कारण पालक नेमकं तेच बघत नाहीत. मराठीत 'प्रताप', 'दीपक', 'आकाश' अशा नावांचा शेवटचा 'अ' आपण उच्चारत नाही. त्यामुळे नाव व्यंजनावर तुटतं आणि आडनाव त्याच व्यंजनानं सुरू झालं की दोन्ही एकमेकांत शिरतात. प्रताप पाटील भराभर म्हणा, 'प्रतापाटील' होतं. दीपक कोळीचं 'दीपकोळी', मानस सोनवणेचं 'मानसोनवणे', अमोल लोहारचं 'अमोलोहार'. आकाश शिरसाठ म्हणताना तर दोन 'श' मध्ये जीभ अडकते. स्वरांचंही होतं. ईशा अत्तरदे पटकन म्हटलं की 'ईशात्तरदे' ऐकू येतं. तुमच्या पाटीलला 'प' वर संपणारं नाव तेवढं नको, आणि मुलींमध्ये तशी नावं जवळजवळ नाहीतच, म्हणजे इथे तुम्ही सुटलात.

पण थांबा, सांधा दोन्हीकडून तपासायचा असतो. आपल्या राज्यात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, मग नाव, मग वडिलांचं नाव. शाळेच्या यादीतही पुष्कळदा तसंच. म्हणजे आडनावाचा शेवट आणि नावाची सुरुवात यांचाही सांधा झाला. महाजन नंदिनी, पवार रुद्र, निकम मयूरी, ही सगळी नावं सुटी उत्तम, उलट वाचली की चिकटतात. आणि तुमचं अक्षर आलंय नेमकं 'ल', आडनाव संपतं नेमकं 'ल' वर. 'पाटील लीना' मोठ्यानं वाचा: 'पाटीलीना'. 'पाटील लियारा' म्हणजे 'पाटीलियारा'. यानं आभाळ कोसळत नाही, ललिता पाटील नावाच्या कितीतरी बाया सुखानं संसार करतायत. पण दोन नावांत मन अडलं असेल तर हा मुद्दा तराजूत टाकायला हरकत नाही.

आता लांबीचं. सूर्यवंशी, बाविस्कर, कोठावदे, पाचपांडे अशी लांब आडनावं असली की नाव दोन-तीन अक्षरी ठेवावं, ऐकणाऱ्याला दम लागत नाही. पाटील, राणे, वाणी, माळी अशी आटोपशीर आडनावं तीन-चार अक्षरी नावही सहज पेलतात. इतकी वर्षं माझा सल्ला एवढ्यावरच थांबायचा. आता त्यात भर पडलीय. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी राज्य सरकारनं आईचं नाव बंधनकारक केलंय. मंत्रिमंडळाचा निर्णय 11 मार्च 2024 चा. शाळेची नोंद, परीक्षेची प्रमाणपत्रं अशा कागदांवर या बाळांसाठी क्रम आता आडनावापासून नाही, असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निर्णय मला मनापासून आवडला, पण बाळाचं नाव निवडताना आता तीन नाही, चार शब्द एका दमात वाचून पाहावे लागतात. आईचं नाव ज्ञानेश्वरी, वडिलांचं पुरुषोत्तम आणि आडनाव सूर्यवंशी असलेल्या घरात मुलीचं नाव 'हरिप्रिया' ठेवलंत तर हजेरी घेणाऱ्या बाईंची दया करा. तिथे 'सई' हवी.

तुमची नावं प्रश्नात नाहीत. समजा योगेश आणि जयश्री. मग 'लीना जयश्री योगेश पाटील' असं पूर्ण, मोठ्यानं, तिघांनी वेगवेगळं म्हणायचं. एकदा हळू, एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये नाव पुकारतात तसं, एकदा रागावून. मी 'रागावून' मुद्दाम म्हणतेय. मूल मोठं होईपर्यंत त्याचं नाव जास्तीत जास्त वेळा रागावूनच घेतलं जातं.

आणि मग आजी. शहरात गेलेल्या आमच्या मुलांना वाटतं, आजीला म्हणता येत नाही हा आजीचा प्रश्न. मला ते पटत नाही. पहिली पाच वर्षं ते नाव सगळ्यात जास्त आजीच उच्चारणार आहे. आपल्या अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो, काळाचं 'काया', डोळाचं 'डोया'. 'ण' चा 'न' होतो, पाणीचं 'पानी'. 'श' जाऊन 'स' येतो. भुसावळ-यावलकडच्या लेवा बोलीतही केळीची 'केयी' होते. जोडाक्षर आलं की जुनी माणसं ते सोडवून घेतात, प्रकाशचं 'परकास', कृष्णाचं 'किस्ना'. यात हसण्यासारखं काही नाही, ती त्या भाषेची रीत आहे. पण नाव निवडताना ही रीत हिशेबात धरावी. 'शौर्य' घरात 'सौर्या' होणार, 'हृदान' चं 'रुदान', 'ऋग्वेद' चं 'रुगवेद'. आजीनं केलेला बदल ऐकायला गोड लागत असेल तर खुशाल ठेवा. 'लियारा' चं काय होतंय ते तुमच्या घरी ऐकलंच असेल. कोणी शेजारीण येऊन 'काय नाव ठेवं पोरनं?' म्हणून विचारेल, तेव्हा आजीला उत्तर देताना अडखळायला लागू नये. नातीचं नाव सांगताना तिचा आवाज चढला पाहिजे.

हाकेचं रूपही बघून घ्या. आपल्याकडे पूर्ण नावानं हाक मारायची पद्धत नाही. मुलग्याला 'या' लागतो, अर्णवचा अर्ण्या, पंकजचा पंक्या. मुलीच्या नावाला 'ए' नाहीतर 'ऊ' लागतो. ते रूप तुम्ही ठरवत नाही, गल्ली ठरवते.

काही आडनावांना स्वतःचा अर्थ असतो आणि तिथे जपून राहावं लागतं. झोपे, भोळे, कोल्हे, काळे, वाघ ही आपल्या भागातली चांगली घरंदाज आडनावं. पण झोपे आडनावात 'जागृती' ठेवलं की शाळेतली पोरं जन्मभर सोडत नाहीत. काळे घरात 'शुभ्रा', कोल्हे घरात 'चतुर', तसंच. वाक्य तयार होतंय का, एवढंच पाहायचं. तुम्हाला ही काळजी नाही. इंग्रजी आद्याक्षरांची मात्र सगळ्यांनाच आहे. मधुरा अजय देवरे, नाव कसं सुरेख! पण वहीवर लिहिताना एम, ए, डी. भाविका अनिल देसले, बी, ए, डी. पाचवीतल्या मुलांना इंग्रजी स्पेलिंग येत नसलं तरी हे बरोबर येतं. तुमच्या आडनावाचा पी शेवटी येतो, मधे वाय धरला तर त्यातून चिडवण्याजोगं काही निघत नाही.

राशीच्या अक्षराबद्दल मला काही ठिकाणी सौम्य बोलायला सांगतात, पण मी स्पष्टच बोलते. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यात आर्द्रेला 'ङ', हस्ताला 'ण', उत्तराभाद्रपदेला 'ञ' अशीही अक्षरं येतात. 'ङ' वरून नाव ठेवून दाखवा! ज्यांनी ही पद्धत घातली त्यांना हे कळत नव्हतं का? कळत होतंच, म्हणून तर नामकरण विधीत नावं चार असतात. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. अक्षर नक्षत्रनामासाठी. ते पत्रिकेत राहतं, पुढे लग्नाच्या वेळी उघडतं. हाकेचं, शाळेचं नाव व्यावहारिक, ते त्या अक्षरावरून असलंच पाहिजे असं नाही. आत्याला हे भटजींच्याच तोंडून ऐकवा, तुमच्या तोंडून ऐकवू नका. पत्रिकेत 'लीलावती' लिहून घ्या, तिचा मान राहील. बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान तिचाच आहे, तो कोणी काढून घेत नाहीये.

जाता जाता, पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी आणि मुलीचं विषम अक्षरी, आकारान्त असावं असं म्हटलंय. मला त्यातलं धर्माचं काही कळत नाही, पण कानाचं कळतं. आकारान्त नाव स्वरावर संपतं, पुढच्या व्यंजनाशी भांडत नाही. अनघा, सुमेधा, मंजिरी... नाही, मंजिरी ईकारान्त झाली, पण चालेल.

नंदुरबार-अक्कलकुव्याकडे आदिवासी घरांत वारावरून नावं असायची, रविवारचा दित्या, सोमवारचा सोम्या, बुधवारचा बुध्या. शाळेत घालताना कित्येक गुरुजींनी ती खोडून राहुल, संदीप लिहून टाकली. हेतू वाईट नसेल, पण त्यामुळे राहुल वसावे, राहुल वळवी, राहुल पाडवी यांची रांग लागली आणि त्या मुलाचा जन्म कुठल्या वाराचा हे सांगणारी खूण गेली. कोणी आदिवासी पालक मला विचारतात तेव्हा मी सांगते, घरचं नाव असेल तर तेच लिहा.

तसंच जुन्या माणसांच्या नावांचं. दगडू, उखर्डू, भिका, नथ्थू ही नावं मुलं जगत नव्हती त्या काळात, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. आज ती नातवंडांच्या कागदांवर फक्त वडिलांच्या नावाच्या मागे, आजोबा म्हणून उरलीत. ठेवा असं मी म्हणणार नाही, पण लाजूही नका.

गिरासे, राजपूत, परदेशी घरांतल्या लोकांना एक वेगळी सूचना. 'सिंह' नावाला जोडून लिहायचं की सुटं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. सुटं लिहिलं की संगणक त्याला मधलं नाव समजतो आणि वडिलांचं नाव पुढे ढकलतो. 'जयश्री', 'राजश्री' या नावांचंही हेच होतं.

आता कागद. ज्यात माझं आयुष्य गेलं ते हेच, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि ती जिथे जन्म झाला तिथे होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळ पारोळ्याचं आणि नोंद धुळ्याची. दवाखान्यात फॉर्म भरताना नवरा असतोच असं नाही. मामा किंवा मावशी असते, घाईत असते, आणि बाळाच्या बापाच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिला वाटेल तसं सांगते. पाटीलमध्ये 'पा' ला ए एकदा लिहायचा की दोनदा, 'टी' ला आय की डबल ई, इथपर्यंत वेगळेपण मी पाहिलंय. चौधरीचं तर विचारू नका. ए-यू, ओ-यू, ओ-डब्ल्यू, शेवटी आय की वाय. सोनवणेत व्ही की डब्ल्यू. बापाच्या दाखल्यावर एक आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर दुसरं असलं की जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला शपथपत्रं सुरू होतात. म्हणून बाळाचं नाव ठरायच्या आधी आडनाव ठरवा. वडिलांच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग आहे ते कागदावर लिहून माहेरी फोटो पाठवा.

नावाच्या रकान्याची घाई मात्र अजिबात नाही. नोंद करताना तो कोरा ठेवता येतो. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांत नाव घातलं तर शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव हौस म्हणून बदलून मिळत नाही, 1969 च्या कायद्यातली दुरुस्ती ही चुकीसाठी आहे. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, वाहन परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. पूर्वी शाळेत नाव थोडं वेगळं लिहिलं तरी दाखल्यावर आयुष्य निघून जायचं. आता नाही. शाळेतली नोंद आणि आधार यांतलं नाव जुळलं नाही तर मुलाचा अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, निघत नाही, आणि आधारवर नाव बदलायची मुभा जन्मात दोनदाच. घाई करून चुकीचं नाव घालण्यापेक्षा सहा महिने 'बाळ' म्हणत राहिलेलं बरं. गावात सगळ्यांना 'पिल्लू' चालतंच.

म्हणून नाव निवडताना ते इंग्रजीत एकाच प्रकारे लिहिता येतं का हेही बघा. 'ज्ञ' असलेलं नाव आपण मराठी माणसं डी-एन-वाय असं लिहितो, बाहेरच्यांना ते वाचता येत नाही. 'हृषीकेश' मराठीतच तीन-चार तऱ्हांनी लिहिला जातो. 'श्रुती' ची 'शृती' होते, 'मयूरी' ची 'मयुरी' होते. अंकशास्त्रवाल्यांच्या नादानं एखादं जादा ए किंवा एच घालू नका, तो प्रत्येक फॉर्मवर आयुष्यभर समजावून सांगावा लागतो.

लग्नानंतर आडनाव बदलेल, तेव्हा सासरच्या आडनावालाही जुळणारं नाव हवं का, असंही काही जण विचारतात. आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. आसोद्याच्या महाजनांची बहिणा, म्हणजे कवयित्री बहिणाबाई, जळगावच्या चौधरींकडे आली, नाव दोन्हीकडे शोभलं. त्यावर एवढंच बोलते.

आता तुमच्यासाठी. 'लियारा' मी ठेवणार नाही. आजीला येत नाही, इंग्रजी स्पेलिंगला तीन वाटा आहेत आणि पाटीलच्या 'ल' ला चिकटतं. 'आरोही' पाटील आडनावात हरवेल. 'लीना' दोघींपेक्षा बरं, सोपं आहे, सध्या कमी ठेवतात. आत्याचं मन मोडायचंच नसेल तर 'लीना' घ्या, सांध्याचा दोष मी पोटात घालते. मला विचाराल तर 'मुक्ता'. मुक्ता जयश्री योगेश पाटील. दोन अक्षरं, इंग्रजीत सरळ एकच स्पेलिंग, उलटं वाचलं तरी 'पाटील मुक्ता' स्वच्छ सुटं राहतं. जोडाक्षर आहे खरं, पण मुक्ताईनगर आपल्याच जिल्ह्यातलं, मुक्ताईचं नाव आजीच्या तोंडात आधीपासून बसलेलं आहे, ते तिला अडणार नाही. सध्याच्या हजेऱ्यांत हे नाव क्वचित दिसतं. दुसरं 'केतकी' सुचवेन. चांगलं, खणखणीत, पण हाक 'केतू' होईल आणि आत्या लगेच ग्रहाची आठवण काढेल. 'अनघा' आहे, 'इरावती' आहे. इरावतीत व्ही-डब्ल्यूचा घोळ तेवढा धरून चला.

नोंदीला किती दिवस उरलेत ते आधी बघा. 21 दिवस व्हायचे असतील तर उद्याच धुळ्याला नावाचा रकाना कोरा ठेवून नोंद करून घ्या, आई-वडिलांची नावं आणि आडनाव तेवढं अक्षर न अक्षर तपासा. दाखल्याची प्रत हातात आली की कचेरीतल्या खिडकीवरच उभ्या उभ्या मराठी आणि इंग्रजी दोन्ही ओळी वाचा. बारसं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, करायचं की आधी, ते मग घरी बसून ठरवा.